नांगर रुततो की नांगरत जातो? समुद्रतळ, केबल आणि १०० किलोमीटरच्या चरीची गोष्ट

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांचं इंटरनेट मंदावलं होतं. तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ 'एसएमडब्ल्यू ४' आणि 'आयएमईडब्ल्यूई' या दोन समुद्री केबल तुटल्या होत्या. दोन्ही मुंबईत येतात. कुणी म्हणालं घातपात, कुणी म्हणालं युद्धाचा परिणाम. केबल कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अंदाज मात्र साधा होता: एखाद्या व्यापारी जहाजाचा नांगर तळावरून घासत गेला असावा.

त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'रुबीमार' या मालवाहू जहाजावर हूथींचं क्षेपणास्त्र आदळलं. खलाशांनी नांगर टाकला आणि जहाज सोडलं. नांगराने धरलं नाही. जहाज वाहत गेलं आणि २ मार्चला बुडालं. त्या वाहत्या दिवसांत तिथल्या तीन केबल तुटल्या, आणि त्याला याच जहाजाचा ओढत गेलेला नांगर कारणीभूत असावा, असं अमेरिकेचं म्हणणं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये फिनलंडच्या आखातात 'ईगल एस' या तेलवाहू जहाजाने एस्टलिंक २ ही वीजवाहिनी आणि चार दूरसंचार केबल तोडल्याचा आरोप झाला. तळावर नांगराची चर सापडली, जवळजवळ १०० किलोमीटर लांब.

या बातम्यांची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडकते: मुद्दाम केलं की चुकून झालं? प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण मला त्याआधी दुसरा प्रश्न पडतो. नांगराचं काम तळात रुतून जहाज थांबवणं. मग तो १०० किलोमीटर ओढत कसा जातो? रुततच का नाही? याचं उत्तर छोट्या होडीपासून सुपरटँकरपर्यंत एकच आहे. ते कळलं, की केबलच्या बातम्याही वेगळ्या दिसायला लागतात.

वजन नव्हे, माती

बहुतेकांची समजूत असते, की नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं. दगड बांधून होडी थांबवायचे तेव्हा ते खरं होतं. आपल्या किनाऱ्यावर, विजयदुर्ग-सिंधुदुर्गच्या आसपास, भोकं पाडलेले जुने दगडी नांगर सापडलेत. ते बऱ्याच अंशी वजनावर चालायचे. पण पाण्यात दगडाचं वजन जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतं आणि तळावर तो घसरतो. म्हणून लोखंडी नांगर आले. ते वजनापेक्षा मातीच्या प्रतिकारावर चालतात. फाळ, म्हणजे तळात घुसणारं पातं, मातीत शिरतं. जहाज ओढायला लागलं की समोरची माती त्याला अडवते. जितकी जास्त माती आणि जितकी घट्ट, तितकी पकड.

मराठीत शेतातल्या आणि समुद्रातल्या अवजाराला 'नांगर' हा एकच शब्द आहे. गंमत अशी, की १९३३ साली केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी खरोखरच शेतातल्या नांगरासारखा दिसणारा समुद्री नांगर बनवला. द्रवांच्या प्रवाहावर मूलभूत संशोधन करणारा हा माणूस हौशी दर्यावर्दी होता आणि जड नांगर उचलून वैतागलेला होता. 'सीक्यूआर' नावाने तो नांगर जगभर गेला आणि अजूनही अनेक शिडाच्या होड्यांवर दिसतो. पण दोन अवजारांची कामं नेमकी उलटी आहेत. शेतातल्या नांगराने जमीन चिरत पुढे सरकायचं. समुद्रातल्या नांगराने सरकायचं नाही. सरकला, की तो शेतातला नांगर झाला. बाल्टिकच्या तळावरची १०० किलोमीटरची चर हेच सांगते.

तळ कसला आहे ते आधी बघा

आपल्याकडचे समुद्री नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. त्यात खोलीच्या आकड्यांजवळ बारीक रोमन अक्षरं असतात. 'एस' म्हणजे वाळू, 'एम' म्हणजे चिखल, 'सीवाय' म्हणजे चिकणमाती, 'आर' म्हणजे खडक. पूर्वी शिशाच्या वजनाच्या बुडाशी चरबी लावून ते तळाशी सोडत आणि चरबीला काय चिकटून आलं ते बघत. आज सोनार आहे, पण प्रश्न तोच: खाली काय आहे?

वाळू असेल तर नशीब चांगलं. ओली, दाबलेली वाळू फाळाला आत घेते आणि धरून ठेवते. इथे डॅनफोर्थ नांगर, म्हणजे दोन चपटे रुंद फाळ असलेला, उत्तम चालतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नौकांसाठी त्याचा मोठा वापर झाला, कारण वजन कमी आणि वाळूत पकड जबरदस्त. त्याची खोड एकच: वारा किंवा ओहोटी फिरली आणि ओढ उलट्या बाजूने आली, की तो उपटला जातो. पुन्हा रुतेलच याची खात्री नाही. फाळांच्या मध्ये एखादा शिंपला किंवा दगड अडकला तर मुळीच नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आलेले स्पेड, रॉक्ना यांच्यासारखे नांगर यासाठीच बनले. टोक धारदार, पातं खोऱ्यासारखं आतल्या बाजूला वळलेलं, आणि ओढ फिरली तरी स्वतःच वळून पुन्हा रुतण्याची रचना. एकच नांगर घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्याला मी तरी यापैकी एक घ्यायला सांगेन.

चिखलाचं गणित वेगळं. मुंबई बंदर, ठाण्याची खाडी, कोकणातल्या बऱ्याचशा खाड्यांची मुखं म्हणजे गाळ. मऊ गाळात नांगर शिरतो सहज, पण तो धरत नाही. लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो. इथे दोन गोष्टी लागतात: फाळाचं मोठं क्षेत्रफळ, आणि फाळ व दांडा यांच्यातला जास्त उघडा कोन. वाळूत साधारण ३० अंश पुरतात, मऊ चिखलात ४५ च्या आसपास हवेत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या मऊ गाळात अनेक नांगरांची चाचणी झाली. त्यात फाळाचा कोन बदलता येणारा फोर्ट्रेस हा हलका ॲल्युमिनियमचा नांगर ४५ अंशांवर लावल्यावर कितीतरी जड पोलादी नांगरांच्या पुढे गेला. चाचणी त्याच कंपनीने करवून घेतली होती, त्यामुळे निकाल थोडं मीठ काढूनच घ्यावा. पण क्षेत्रफळ आणि कोनाचं तत्त्व जुनंच आहे. आणखी एक, चिखलात घाई करायची नाही. नांगर टाकला की लगेच इंजिन उलटं फिरवून खेचू नये. त्याला खाली बसू द्यावं, मग हळूहळू ताण द्यावा.

घट्ट चिकणमाती हा तिसरा प्रकार. एकदा शिरला तर पकड उत्तम, पण शिरणं अवघड. बोथट टोकाचा नांगर वरवर घसरत राहतो. जुन्या, झिजलेल्या सीक्यूआरबद्दल ही तक्रार नेहमीची. इथे टोकाशी वजन असलेला, अणकुचीदार नांगर हवा. आणि एक धोका लक्षात ठेवायला हवा: नांगर एकदा सुटला, की पात्यावर चिकणमातीचा मोठा गोळा चिकटलेला असतो. टोक झाकलं जातं आणि तो पुन्हा रुतत नाही. अशा वेळी वर उचलून, धुऊन पुन्हा टाकण्याला पर्याय नाही. रात्री अडीच वाजता, पावसात, हे कुणालाच नको असतं हे मान्य.

खडकाळ तळावर माती नसते, तेव्हा रुतण्याचा प्रश्न येत नाही, अडकण्याचा येतो. छोट्या मासेमारी होड्यांवर चार-पाच नख्यांचा लोखंडी नांगर असतो, तो यासाठी. कपारीत एखादी नखी अडकली की होडी थांबते. पण तीच नखी निघेनाशी झाली तर? म्हणून काही जण सळ्या वाकवून नख्या करतात. जोरात खेचलं की सळई सरळ होते आणि नांगर सुटतो. वर आल्यावर पुन्हा वाकवायची. दुसरा उपाय म्हणजे नांगराच्या डोक्याला वेगळा पातळ दोर आणि वर तरंगता डबा बांधायचा, म्हणजे उलट बाजूने खेचून सोडवता येतो. खडकावर रात्रभर भरवसा ठेवून झोपू नये, एवढंच.

समुद्री गवत आणि प्रवाळ यांबद्दल थोडक्यात. गवतात हलका नांगर मुळांच्या जाळ्यावरच राहतो. रुतला असं वाटतं, पण एक झटका आला की गवताचा झुबका घेऊन वर येतो. आणि तो झुबका परत उगवायला वर्षं लागतात. भूमध्य समुद्रातल्या गवताच्या कुरणांवर फ्रान्सने २४ मीटर आणि त्याहून मोठ्या नौकांना नांगर टाकायला बंदी घातली आहे. आपल्याकडे मालवणला, १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या भागात, प्रवाळ आहे. तिथे कोणता नांगर चांगला, याचं उत्तर कोणताच नाही. कायमचा बोया असेल तर त्याला बांधावं, नाहीतर बाजूच्या वाळूवर जावं.

अर्धी पकड दोरात असते

योग्य नांगर घेतला तरी दोर कमी सोडला तर सगळं फुकट. फाळ रुततो तो ओढ आडवी असेल तेव्हा. ओढ वरच्या दिशेला झाली की तो उपटला जातो. नांगर वर काढायचा असतो तेव्हा आपण तेच तर करतो. म्हणून साखळी किंवा दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट, बरं म्हणजे सातपट, वादळात दहापट सोडायचा.

मुंबईत यात एक फसवी जागा आहे. समजा ओहोटीला पाणी ५ मीटर आहे आणि होडीची नाळ पाण्यापासून दीड मीटर वर. एकूण साडेसहा. पाचपट म्हणजे साडेबत्तीस मीटर दोर सोडला आणि निवांत झालात. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरपर्यंत जातो. सहा तासांनी एकूण उंची ११ मीटर झाली आणि तुमची पाचपट तिपटीच्याही खाली आली. त्यात वारा वाढला तर आणखी पंचाईत, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट.

मोठ्या जहाजाचा नांगर कशासाठी असतो?

आता पुन्हा केबलकडे. मोठ्या जहाजांवर दिसणारा नांगर वरचा आडवा दांडा नसलेला असतो. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात तो रूढ झाला. कारण पकड नव्हतं, सोय होतं. तो साखळीबरोबर जहाजाच्या नाळेतल्या भोकात सरळ आत ओढून घेता येतो. तेवढ्याच वजनाच्या जुन्या आडव्या दांड्याच्या नांगरापेक्षा तो कमी धरतो. चांगल्या तळात स्वतःच्या वजनाच्या तीन-चार पट, मऊ चिखलात त्याहूनही कमी. तेलविहिरींच्या तरंगत्या फलाटांसाठी बनलेले खास नांगर वजनाच्या तीस पटींहून जास्त धरू शकतात, हे शेजारी ठेवून बघा.

जहाजांचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थांची संघटना, आयएसीएस, या नांगरांचे नियम ठरवते. त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, की ही सामग्री बंदरात किंवा आडोशाच्या जागी तात्पुरतं थांबण्यासाठी आहे. उघड्या किनाऱ्यावर वादळात जहाज धरून ठेवण्यासाठी नाही, आणि चालतं किंवा वाहतं जहाज थांबवण्यासाठी तर नाहीच. हिशेब धरलाय तो सेकंदाला २५ मीटर वारा, अडीच मीटर प्रवाह आणि सहा ते दहापट साखळी इतकाच. 'जास्त पकडीचा' हा शिक्का मिळवायचा तर नांगराची चाचणी मऊ चिखल, वाळू किंवा खडी, आणि घट्ट चिकणमाती अशा वेगवेगळ्या तळांवर घ्यावी लागते. म्हणजे तळाप्रमाणे पकड बदलते हे नियम लिहिणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक आहे. साध्या नांगराला मात्र ही परीक्षा नाही; त्याचं वजन जहाजाच्या आकारावरून कोष्टकात बघून ठरतं.

या नजरेने 'ईगल एस'ची चर पाहा. फिनलंडच्या आखाताची सरासरी खोली ४० मीटरच्या आत, पण तळ एकसारखा नाही. हिमयुगाने सोडलेली चिकणमाती, गाळ, दगडगोट्यांचा थर आणि मधूनच उघडा खडक. चालत्या जहाजामागे लटकणाऱ्या नांगरावरची ओढ आडवी आणि स्थिर राहतच नाही. तो रुतत नाही, फरपटतो. मऊ जागी चर पाडतो, खडकावर आपटतो. खरोखर रुतला असता तर एकतर जहाजाला जोरदार हिसका बसला असता, नाहीतर साखळी तुटली असती. शेवटी नांगर तुटून तळाशी राहिलाच. ११ टनांच्या आसपासचा तो नांगर नंतर वर काढला गेला. २०२३ मध्ये बाल्टिककनेक्टर या गॅसवाहिनीजवळही सहा टनांचा नांगर असाच मिळाला होता. तेव्हा लांबलचक चर हा काही मुद्दामपणाचा पुरावा नव्हे. जहाजाचा वेग उतरला तेव्हा अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो चरीने सुटत नाही. हेलसिंकीच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खटला आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून काढून टाकला.

तैवानमध्ये उलट घडलं. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने 'हाँग ताई ५८' या जहाजाच्या चिनी कप्तानाला केबल मुद्दाम तोडल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. नख्यांचा नांगर खाली सोडून जहाज नागमोडी फिरवलं, असा आरोप होता. इथे नांगराचा प्रकार बोलका आहे. केबल दुरुस्त करणारी जहाजं तुटलेली केबल तळावरून वर काढायला नख्यांचे आकडेच वापरतात.

मग केबल किती खोल पुरायची?

किनाऱ्याजवळच्या उथळ भागात केबल तळाखाली पुरतात, साधारण एखादा मीटर, धोका जास्त असेल तिथे त्याहून खोल. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे केबल-बिघाड होतात आणि त्यातले बहुतेक मासेमारी व नांगरांमुळे होतात. घातपात हा त्यातला लहान वाटा. पण 'एक मीटर' या आकड्याला तळ सांगितल्याशिवाय अर्थ नाही. अभियंत्यांचा ढोबळ नियम असा, की जहाजाचा नांगर वाळूत किंवा घट्ट मातीत फार तर फाळाच्या एका लांबीइतका शिरतो, मऊ चिखलात तिप्पट. मोठ्या जहाजाचा फाळ दीड मीटरचा धरला तर चिखलात ही खोली साडेचार मीटर होते. म्हणजे घट्ट मातीत दोन मीटर खाली निर्धास्त असलेली केबल गाळात तेवढ्याच खोलीवर उघडीच समजायची.

आता आपला नकाशा बघा. ट्रायच्या २०२३ च्या शिफारशींनुसार भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ लँडिंग स्टेशनांवर येतात. त्यातला मोठा भाग मुंबईत, तोही वर्सोव्याच्या छोट्याशा पट्ट्यात. त्याच समुद्रात बंदरात शिरण्याची वाट पाहत नांगरलेली जहाजं असतात, ट्रॉलर असतात, आणि गाळात खुंट ठोकून डोल जाळी लावणारे कोळी पिढ्यान् पिढ्या आहेत. कुठे गाळ मऊ, कुठे खडक, कुठे खुंट टिकतो आणि कुठे नांगर अडकतो, हे त्यांना पाठ असतं. केबलचा मार्ग आखताना सर्वेक्षण जहाज येतं, सोनार फिरवतं, अहवाल देतं. तो अहवाल आणि कोळीवाड्यातली माहिती एका टेबलावर यायला हव्यात. कारण मच्छिमाराला केबलचा मार्ग माहीत नसेल तर नुकसान दोघांचं होतं: त्याचा नांगर किंवा जाळं जातं, आपलं इंटरनेट जातं.

दुरुस्तीची बाजू तर आणखी लंगडी. भारताकडे स्वतःच्या झेंड्याखालचं केबल-दुरुस्ती जहाज नाही. परदेशी जहाज बोलवावं लागतं, परवानग्या लागतात, आठवडे जातात. ट्रायने याबद्दलही शिफारस केली आहे. एस्टलिंक २ पुन्हा सुरू व्हायला सुमारे सहा महिने लागले, आणि फिनलंड-एस्टोनिया यांच्यात समुद्र आहे जेमतेम ८० किलोमीटर.

तोवर नवीन केबल वर्सोव्यातच उतरवायची की दुसरीकडे, या प्रत्येक चर्चेत मी एक गोष्ट शोधतो: प्रस्तावित मार्गावरचा तळ कसला आहे आणि तिथे कोणत्या आकाराची जहाजं नांगर टाकतात. बहुतेक वेळा केबलची क्षमता किती टेराबिट आहे तेवढंच छापलेलं असतं.